एकाच चंद्राखालचे नाशिक

रबीउल अव्वल आणि भाद्रपद यंदाही एकत्र आले. सलग तिसरे वर्ष. २०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरलाच पडले, तेव्हा अनेक शहरांतल्या मुस्लिम बांधवांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये १६ आणि १७ सप्टेंबर, यंदा ५ आणि ६. यात योगायोग फारसा नाही. दोन्ही महिने चंद्राचेच. आपली पहिली तारीख चंद्रकोर दिसल्यावर, म्हणजे साधारण द्वितीयेच्या संध्याकाळी, सुरू होते. त्यामुळे बारा तारीख त्रयोदशीच्या आसपास येते आणि चतुर्दशी तिच्या मागोमाग. फरक एवढाच की हिंदू पंचांग अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेते, हिजरी वर्ष तसे करत नाही. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला जाईल, मिलाद ऑगस्टच्या शेवटी येईल आणि ही सोबत सुटेल ती तीसेक वर्षांसाठी. पुन्हा जमेल तेव्हा आम्ही असू की नसू, अल्लाह जाणे. म्हणून ३० ऑगस्टच्या शनिवारी आम्ही दोघे कल्याणहून नाशिकला निघालो, दोन्ही रोषणाया एकाच मुक्कामात पाहायला.

घरच्यांना हे फारसे पसंत नव्हते. एप्रिलमध्ये काठे गल्लीतला सातपीर दर्गा महापालिकेने पाडला, त्याच्या आदल्या रात्री तिथे दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले, धरपकड झाली. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तोवर वास्तू जमीनदोस्त झाली होती. "सणाच्या गर्दीत तिथे कशाला जाता?" असे सासूबाईंनी दोनदा विचारले. पण आमची खाला जुन्या नाशकात राहते आणि तिचे उलटे म्हणणे होते: "कोणी येत नाही म्हणूनच या."

समृद्धी महामार्ग जूनपासून आमणेपर्यंत सुरू झाला आहे, इगतपुरीचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा कसारा घाट टाळून नेतो. आम्ही जुना घाटच धरला. श्रावण नुकताच संपला होता, डोंगरावरून पाण्याच्या दोऱ्या उतरत होत्या आणि बोगद्यात यातले काही दिसत नाही. जोहरची नमाज घोटीत पढलो आणि शहरात शिरण्याआधीच पांडवलेणीच्या पायथ्याशी गाडी लावली.

नाव पांडवांचे असले तरी ही चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंची, दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसात पायऱ्या निसरड्या होत्या, वर पोहोचेपर्यंत दम लागला. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तो कोरवला आणि मुलाची थोरवी सांगितली. एका आईचा शब्द इतका टिकलेला आम्ही तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पण आम्ही अडकलो ते दहाव्या लेण्यापाशी. हे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे. त्याची बायको दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचाही लेख इथेच आहे, नवऱ्याच्या दानाशेजारी तिचे दान तिच्या नावाने. उषवदाताच्या लेखात चक्क जमाखर्च आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: दोन हजार शेकडा एक दरमहा व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, वापरायचे ते फक्त व्याज. पहिल्या रकमेचे वर्षाचे दोनशे चाळीस होतात, त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. आम्ही तिथेच मोबाईलवर गुणाकार केला, हिशोब पैशापैशाने जुळतो.

व्याजाचा भाग आपल्याला मंजूर नाही, हे उघड आहे. पण मूळ जपायचे आणि उत्पन्न वाटायचे, ही कल्पना आपल्या ओळखीची. हजरत उमर (रजि.) यांना खैबरची जमीन मिळाली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना हाच सल्ला दिला होता: जमीन राखून ठेवा, तिचे फळ दान करा. वक्फचा पाया तोच. एप्रिलपासून वक्फ कायद्यातल्या दुरुस्तीवर घरोघरी बोलणे चालू आहे आणि बोलायलाच हवे. पण विणकरांकडे ठेवलेल्या पैशाचा तपशील दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना वाचता येईल असा कोरलेला पाहून एक प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आपल्या गावच्या मशिदीच्या दुकानांचे भाडे किती येते आणि कुठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मगरिबनंतर जुन्या नाशकात शिरलो. मुघल काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, आणि मोहल्ल्यांची नावे त्या काळच्या वस्तीची आठवण ठेवून आहेत: पठाणपुरा, कोकणीपुरा, बागवानपुरा. शहर टेकड्यांवर वसलेले, त्यामुळे गल्ल्या सतत चढतात-उतरतात आणि रोषणाई एका नजरेत दिसत नाही. चौक मंडईपासून बडी दर्ग्याकडे जाताना प्रत्येक वळणावर नवी कमान. हिरव्या माळा, कागदी झुंबरे, मुलांनी थर्माकोलचे केलेले हिरवे घुमट. हजरत सादिक शाह हुसैनी यांच्या दर्ग्यात फातिहा पढून पिंजार घाटाने परतलो.

या रोषणाईबद्दल आम्हा दोघांचे एकमत नाही. एकाला तो इस्राफ वाटतो. तेवढ्या पैशात मोहल्ल्यातल्या दहा मुलांची फी भरली जाईल, असे म्हणणे. दुसऱ्याला वाटते, वर्षभर अंधारी असणारी गल्ली बारा दिवस उजळली तर कोणाचे काय बिघडते? हा वाद खालाच्या दस्तरखानावर शीरमाल आणि कोरम्यासोबत पुढे गेला. तिने तो मिटवला नाही, भर घातली. तिच्या गल्लीतल्या कमानीला दिवे लावणारा मुलगा हिंदू आहे आणि तोच दोन चौक पलीकडच्या गणेश मंडळाचे मंडपही उजळतो. एप्रिलनंतर तो येईल का, अशी शंका होती. तो नेहमीच्या दिवशी शिडी घेऊन आला. त्याने पैसेही नेहमीइतकेच घेतले, हे खालाने मुद्दाम सांगितले.

रात्री त्याचे दुसरे काम बघायला रविवार कारंजाला गेलो. चांदीच्या गणपतीसमोर रांग लांब होती, आम्ही रस्त्याच्या कडेनेच देखावे पाहिले. गर्दीत आमच्यासारखे टोपी-बुरख्यातले बरेच जण होते, कडेवर मुले घेऊन. कोणी वळून पाहिले नाही.

रविवारी सकाळी गोदाकाठ आणि काळाराम मंदिराचा परिसर बाहेरून पाहिला. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांनी इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला. तो पाच वर्षे चालला, दरवाजे मात्र उघडले नाहीत. त्र्यंबक रोडवरच्या शहाजहाँनी ईदगाहसमोर गाडी पाच मिनिटे थांबवली, एवढेच.

त्या दिवशी गौरी येणार होत्या. बाजारात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मणियार भाईंच्या हातगाड्यांवर हिरव्या बांगड्यांचे ढीग आणि भोवती गौरीसाठी बांगड्या निवडणाऱ्या बाया. पलीकडे बागवानांच्या टोपल्यांत सीताफळे, पेरू, केवड्याची पाने. एक आजीबाई पाच फळांच्या भावावरून हुज्जत घालत होत्या आणि बागवान चाचा म्हणत होते, "ताई, गौरी वर्षातून एकदा येते, तिच्यासाठी तरी घासाघीस नको." आजींनी तरीही दहा रुपये कमी केलेच. आम्ही सासूबाईंसाठी दोन किलो पेरू घेतले, चिवडा घेतला, आणि असरच्या आधी घाट उतरायला लागलो.