गडीमाणूस

आमच्या माणदेशात लहान पोर पडलं, की बायका जमिनीवर हात आपटून म्हणत, "मुंगी मेली बघ, मुंगी!" पोर मुंगी शोधायला लागे आणि रडणं विसरे. मुलींच्या वाट्याला ही मुंगी बरीच वर्षं येई. पोरगा मात्र चड्डीची नाडी स्वतः बांधायला लागला, की त्याची मुंगी संपे. मग गुडघा फुटो नाहीतर विंचू चावो, एकच वाक्य ऐकू येई, "पोरीगत काय रडतोयस? बांगड्या भरू का हातात?" छडी खाताना हात मागं न घेणारा पोरगा वर्गात भाव खाऊन जाई. धडा म्हणून हे कुणी शिकवलं नाही. पण ‘पोरगी’ हा शब्द शिवीसारखा वापरला, की पोरांना दोन गोष्टी एकदमच कळत. एक, रडायचं नाही. आणि दुसरी, बाई म्हणजे कायतरी कमी.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या होत्या, कडब्याला सोन्याचं मोल आलं होतं. आई आणि दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर माणसं तगली. जनावरांना घालायला काहीच नव्हतं. दादांनी खिलारी जोडी सांगोल्याच्या बाजाराला काढली. आईनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या, तिला धरून बसल्या, त्याही रडल्या. दादा कासरा धरून पुढं बघत उभे होते. त्यांच्याजवळ कुणी गेलं नाही.

बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला. बैल दिले, दावी तेवढी परत आणली. वाटेत मला हुंदका आवरेना. दादा म्हणाले, "पूस डोळं. गडी हाईस न्हवं तू?" आवाजात राग नव्हता. त्यांच्या बापानं त्यांना दिलेलंच ते मला देत होते, वाटणीला आलेल्या रानासारखं.

आईला रडायला जागा होत्या. पहाटे जात्यावर बसली, की ओवीत तिचं माहेर येई, गेलेला भाऊ येई. त्या वर्षी बैलही आले. पुरुषांना जागा एकच, विठोबाचं देऊळ. एकादशीच्या भजनात टाळ धरलेल्या दादांच्या डोळ्यांना धारा लागत. तालमीतले पैलवानही उपरण्यानं तोंड पुसत. तिथं कुणी कुणाला पोरगी म्हणत नसे. देवासाठी रडलेलं चाले. बैलासाठी, भावासाठी, बुडालेल्या पिकासाठी नाही. मग ज्यानं त्यानं आपलं दुःख देवाच्या नावावर घालावं. ज्यांना भजनाची वाट नव्हती ते गुत्त्याकडं वळत आणि घरी येऊन बायकोवर हात टाकत. राग गडीमाणसाला शोभतो, असा गावाचा हिशेब होता.

दादा पुढं तीस वर्षं जगले. नवी जोडी आली, विहिरीवर मोटार बसली. त्या बैलांचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं नाही. दावी गोठ्यातल्या खुंटीला तशीच होती. दादा गेल्यावर आई म्हणाली, "दुष्काळात रातचं उठून मोकळ्या गोठ्यात जाऊन बसायचं ते. म्या हाक मारली, की म्हणायचं, काय न्हाय, मांजर आलं हुतं."