विश्रांतीचं लेजर
भाचा सुट्टीला नांदूरघाटला आला, तो लॅपटॉप घेऊनच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला फाशांचा खेळ. त्यातले वीर राक्षसांशी लढून दमतात आणि त्यांच्या विश्रांतीचं लेजर म्हणे एक प्रोग्रॅम ठेवतो! २०१४च्या नियमांप्रमाणे छोटी विश्रांती तासाची, मोठी आठ तासांची. मोठी चोवीस तासांत एकदाच. तिच्यात गेलेला जीव पुरा भरून येतो, राखीव फासे मात्र एकूण संख्येच्या निम्म्यापर्यंतच परत मिळतात. बँकेतला रजेचा हिशेब याहून सोपा नसतो, त्यामुळे मला झटकन कळलं. छोट्या विश्रांतीत खाणं, पिणं, वाचणं चालतं. म्हणजे माझा रविवारच की!

भाच्यानं हौसेनं मामीचंही खातं उघडलं.

“मामी, शेवटची मोठी विश्रांती कधी?”

ओट्यापाशी ही जरा थांबली. “धाकटीच्या बाळंतपणाला माहेरी गेले होते, तेव्हा.”