पगारदाराची कोलकाता सहल आणि कार्डाचे पॉइंट

घरासाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी आपण पैसा बाजूला काढतो. प्रवासासाठी काढलेला पैसा मात्र चैन समजली जाते. वास्तविक मुलांना दुसरे शहर दाखवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. अलीकडे बँक आणि रेल्वे यांच्या जोडकार्डांमुळे ‘पॉइंटवर फुकट प्रवास’ ही भाषा कानावर पडते. कार्यालयात आणि वस्तीतही अनेक बंधू-भगिनी याविषयी विचारतात, म्हणून हा हिशेब मांडत आहे.

कार्डाने खरेदी केली की पॉइंट जमतात आणि ते रेल्वे तिकिटाच्या रकमेतून वळते करता येतात. समजा, १२५ रुपयांच्या खरेदीला एक पॉइंट आणि एका पॉइंटचा एक रुपया. किराणा, वीजबिल, शाळेची फी मिळून महिन्याला दहा हजार कार्डाने भरले, तर ८० पॉइंट. वर्षाचे ९६०. कार्डाची वार्षिक फी ५०० आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५९० वजा जाता हाती उरले ३७० रुपये. नागपूर ते हावडा एका माणसाचे स्लीपरचे एका बाजूचे तिकीटही त्यात येत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. एखाद्या महिन्यात वीस हजारांचे बिल थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के धरले, तर एका महिन्यात ७०० रुपये गेले. वर्षाला हा दर ४२ टक्के पडतो. गावच्या सावकाराला आपण नावे ठेवतो. हा सावकार खिशात बसतो, एवढाच फरक. बिल मुदतीच्या आत पूर्ण भरण्याची ज्याच्या घरी शिस्त आहे, त्यानेच पॉइंटच्या वाटेला जावे.

आणखी एक गोष्ट. जोडकार्डांवर जादा पॉइंट मिळतात ते प्रामुख्याने वातानुकूलित वर्गाच्या तिकिटांवर. पॉइंट मिळावेत म्हणून स्लीपर सोडून वरचा वर्ग घेतला, तर मिळणाऱ्या पॉइंटांच्या कितीतरी पट भाडे जास्त जाते. येथे मधू दंडवते यांची आठवण होते. ते रेल्वेमंत्री असताना १९७७ च्या डिसेंबरात गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. वरचा वर्ग नसलेली, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे असलेली ती गाडी होती. लाकडी बाकांवर गादी आली तीही त्यांच्याच काळात. आज गीतांजलीला वातानुकूलित डबे आहेत, पण आमच्या पाच जणांच्या कुटुंबाने स्लीपरच घेतला. नागपूरला संध्याकाळी बसले की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा.

तिकिटाचे नियम नीट माहीत असले की पॉइंटपेक्षा जास्त पैसा वाचतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा नको असेल, तर तिकीट लागत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट, पण त्यात बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा आईचे तिकीट पूर्णच धरावे.

कोलकाता निवडण्याचे कारण असे, की या शहरात पायी आणि स्वस्तात पुष्कळ पाहता येते. हावडा स्टेशनाखालूनच मेट्रो मिळते. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली ही मेट्रो हुगळी नदीच्या तळाखालून एस्प्लनेडला नेते. मुलांना याचे फार अप्रूप वाटले. परतताना मात्र घाटावरून लाँच घ्यावी. नदीवरून हावडा पूल पाहण्याचा आनंद काही रुपयांत मिळतो. कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांची दुकाने एकाला एक लागून आहेत. तेथे मुलांच्या हातात पन्नास-पन्नास रुपये द्यावेत आणि त्यांना निवडू द्यावे. जवळच कॉलेज स्क्वेअरला महाबोधी सोसायटीचे विहार आहे.

परंतु पूर्ण एक दिवस राखून ठेवावा तो इंडियन म्युझियमसाठी. स्थापना १८१४ ची. सोमवारी बंद असते. कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडलेल्या भरहुत स्तूपाचा कठडा आणि तोरण येथे उभे आहे. यावर भगवंतांची मानवी मूर्ती कोठेही नाही. बोधिवृक्ष, चक्र, पादचिन्हे यांवरून ओळखायचे. एका वर्तुळात जेतवनाच्या खरेदीचा प्रसंग आहे. बैलगाडीतून नाणी उतरवली आहेत आणि माणसे ती जमिनीवर अंथरत आहेत. अनाथपिंडिकाने बाग विकत घेऊन दान दिली, हे शेजारी ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे. मुलांना ती बैलगाडी शोधायला सांगावे. पैसा कशासाठी खर्चावा, याचा धडा त्यांना वेगळा द्यावा लागत नाही.

तात्पर्य, सहल आधी ठरवावी, पॉइंट नंतर पाहावेत. पाच जणांचे स्लीपरचे जाणे-येणे सहा हजार धरले, तर बँकेत महिना पाचशेचे आवर्ती ठेव खाते वर्षभर चालवले की ते भागते. पॉइंटचे तीनशे-चारशे आले तर तेवढा एका जेवणाचा खर्च सुटला, असे समजावे. खाते घरातील मुलीच्या हाताने भरून घ्यावे आणि हिशेबाची वही तिच्याकडेच द्यावी. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर पहिला हप्ता याच महिन्यात भरा.