येडशीच्या रानातला पाहुणा

डिसेंबर 2024 मध्ये आमच्या धाराशिव जिल्ह्यात एक पाहुणा आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण नर वाघ सुमारे 500 किलोमीटर चालून येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात पोहोचला. वनविभागाने रानात लावलेल्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला. अंगावरचे पट्टे टिपेश्वरच्या नोंदींशी जुळवून पाहिले, तेव्हा तो कुठला ते कळले. माणसाच्या अंगठ्याचा ठसा तसे वाघाचे पट्टे, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. यवतमाळपासून इथपर्यंत किती गावे, किती नद्या, किती डांबरी रस्ते आणि किती ऊसतुरीची शेते आली असतील! आणि ज्यांच्या बांधावरून तो गेला त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

येडशीचे हे रान आम्हाला नवे नाही. धाराशिवहून बार्शीकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर बालाघाटाच्या डोंगरात ते लागते. 1997 साली अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम 22 चौरस किलोमीटर. दरीत खाली रामलिंगाचे मंदिर आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी जटायू लढला तो इथेच, अशी श्रद्धा आहे आणि जटायूची समाधीही दाखवतात. पावसाळ्यात मंदिराजवळ धबधबा कोसळतो, तेव्हा सगळ्या धर्मांची पोरेटोरे तिथे भिजायला येतात आणि माकडे त्यांचे भजी पळवतात. शेजारून सोलापूर-धुळे महामार्ग धडधडत जातो. एके काळी याच भागातून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी जायची. ती 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. आमच्या लहानपणी ती इतकी सावकाश चाले की धावत्या गाडीतून उतरून बोरे तोडता येत, असे अब्बा सांगत. थोडी अतिशयोक्ती असेल, पण थोडीच.

इथे एक खुलासा करायला हवा. घरी दखनीत 'हम' म्हणत वाढलो, त्यामुळे मराठीत लिहितानाही 'आम्ही'च येते. प्रत्यक्षात या प्रवासांत आमच्यासोबत कोणीही नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी संपली, मुलांचे अब्बा अल्लाहला प्यारे झाले, मुले आपापल्या संसाराला लागली. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि गुडघे अजून चालतात. मग घरी बसून काय करायचे?

पहिल्यांदा एकट्याने गेलो ते नळदुर्गला. किल्ला कित्येकदा पाहिलेला, पण दर वेळी शाळेच्या सहलीबरोबर, म्हणजे मुलांची डोकी मोजत. या वेळी कोणाला मोजायचे नव्हते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला तो बंधारा आणि बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल. पाण्याचे लोट डोक्यावरून खाली पडत असतात आणि आतल्या दालनात बसलेला माणूस कोरडा राहतो. बांधणाऱ्यांनी भिंतीत जिने, खिडक्या, कमानी सगळे ठेवले. आम्ही तासभर तिथे बसलो. चौकीदाराने दोनदा येऊन विचारले, "मावशी, बरं हाय ना?" बाई एकटी बसलेली दिसली की लोकांना आधी तब्येतीची शंका येते.

घरी वहिनींनी विचारले, "अकेली कायकू जातीं?" भाईजान त्याहून पुढे गेले. आम्ही अभयारण्यातल्या प्राणीगणनेसाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिले आहे हे कळल्यावर म्हणाले, "ये अपने लोगों का काम नहीं." आम्ही त्यांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. 1896 साली मुंबईत एका बोहरा कुटुंबात जन्मलेला मुलगा, आईबाप लहानपणीच गेले. पक्ष्यांचे शास्त्र शिकायला तो बर्लिनला गेला आणि 1930 मध्ये परत आला तर हातात नोकरी नाही. तेव्हा त्यांनी संस्थानांच्या दरबारांपुढे प्रस्ताव ठेवला की पगार नको, फिरण्याचा खर्च द्या, मी तुमच्या राज्यातले पक्षी नोंदवून देतो. पहिला होकार आला तो हैदराबादच्या निजामाच्या राज्यातून. आमचा जिल्हा त्या वेळी त्याच राज्यात होता. 1931-32 मध्ये ते काम झाले. बेगम तहमिनाही तंबूत राहून सोबत करीत होत्या. भाईजान ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "ठीक है, पण टॉर्च घेऊन जा."

गणना बुद्धपौर्णिमेच्या रात्री असते. मे महिन्यात रानातले पाणी आटलेले असते, जनावराला ठरलेल्या पाणवठ्यावर यावेच लागते आणि चंद्राच्या उजेडात ते दिसते. 2024 साली ती पौर्णिमा 23 मे रोजी होती. आधारकार्डाची प्रत दिली, नियमांच्या कागदावर सही केली. भडक कपडे नकोत, अत्तर नको, मोबाईल बंद, बोलणे बंद. अत्तर नको हे वाचून हसू आले. नेमकी गुरुवारची रात्र, उद्या जुमा, आणि आमच्या बॅगेत अत्तराची कुपी कायम असते. ती घरी ठेवून आलो.

दुपारी चारला मचाणावर चढलो. सोबतीला वनरक्षक होती, वयाने आमच्या धाकट्या मुलीएवढी. पहिल्याच वाक्याला तिने 'काकू' म्हटले आणि सहा वाजेपर्यंत आमच्या डब्यातले शामी कबाब व भाकरी अर्धी-अर्धी वाटली गेली. समोर सिमेंटचा बसका पाणवठा. त्यात टँकरने पाणी आणून टाकतात. उन्हात तापलेल्या त्या पाण्यावर पहिल्यांदा मधमाश्या आल्या, मग होले, मग एक मुंगूस. मोर इतक्या डौलात आला की जणू पाणवठा त्याच्या नावावर आहे. दिवस मावळण्याआधी चिंकारांची जोडी. मादी पाणी प्यायली तेव्हा नर मान वर करून उभा, आणि नर प्यायला तेव्हा मादी. दोघांनी एकदम तोंड खाली घातले नाही.

मगरिबची वेळ झाली. पाणवठ्याचे पाणी वापरायचे नाही, ते जनावरांचे. बाटलीतले पाणी रात्रभर दोघींना प्यायला पुरवायचे. मग मातीवर हात मारून तयम्मुम केले आणि मचाणावर बसूनच नमाज पढलो. वनरक्षक मुलगी पाठ करून पाण्याकडे लक्ष ठेवून बसली होती. नंतर तिने हळूच विचारले, "पाण्याशिवाय चालतं काकू?" आम्ही सांगितले, चालते. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून मोज्यात पाणी काढून पाजणाऱ्या माणसाची हदीसही सांगितली, कुजबुजत. ती म्हणाली, टँकरवाल्याला ऐकवायला पाहिजे.

रात्र लांब होती. रातव्याचा ठोक्यासारखा आवाज, मधूनच कोल्हेकुई. अकराच्या सुमारास रानडुकरीण सात पिल्ले घेऊन आली आणि पाणी ढवळून गेली. दोनच्या पुढे डोळे मिटू लागले तेव्हा मुलीने कोपर मारला. समोर तरस उभे होते. मागचा भाग उतरता, मानेवर आयाळ, चालण्यात एक लंगडी लकब. लहानपणी आजी आम्हाला तरसाच्या नावाने भिववायची. हे बिचारे चारदा मागे वळून बघत पाणी पीत होते. आमच्यापेक्षा तेच जास्त भ्यालेले. वेळ, प्राणी, नर-मादी-पिल्लू असे रकाने भरत सकाळ झाली.

अशा मोजणीतून जनावरांचा खरा आकडा निघत नाही, हे वनखात्यालाही ठाऊक आहे. एकच डुक्कर दोन पाणवठ्यांवर गेले तर दोनदा मोजले जाते. नेमक्या अंदाजासाठी आता कॅमेरे लावतात. तरी त्या एका रात्रीत आम्हाला जे समजले ते आम्ही पस्तीस वर्षे परिसर अभ्यास शिकवूनही मुलांना समजावू शकलो नसतो. टँकर एक दिवस चुकला तर त्या डुकरिणीच्या पिल्लांचे काय होते, हा प्रश्न पुस्तकात येत नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी वाघ आला, आणि त्या मुलीची झोप उडाली. लोकांना वाटते वाघ आला म्हणजे वनखात्याला आनंद. तिचा फोन दिवसरात्र वाजू लागला. इथे वासरू मारले, तिथे ठसा दिसला. ठसा कधी कुत्र्याचा निघायचा, पण जावे तर लागतेच. आम्ही जानेवारीत भेटायला गेलो तेव्हा ती एका शेतकऱ्याच्या वासराचा पंचनामा करून आली होती. त्या शेतकऱ्याशी आम्हीही बोललो. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो. तो म्हणाला, "बाई, वाघानं काय गुन्हा केला न्हाई, त्याला भूक हाय. पैसे बी मिळतील आज ना उद्या. पर आमची लाईट रातचीच येती. दारं धरायला रानात जायचं कसं ते सांगा."

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. वाघ वाचवा म्हणणे शहरात सोपे असते. रात्री दोन वाजता थंडीत, एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन उसाच्या कडेला उभा राहतो त्याच्याशी आधी बोलावे. दिवसा वीज मिळाली तर निम्मी भीती जाईल, असे तो म्हणत होता आणि आम्हाला ते पटले.

वाघाला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडायचे ठरले. बाहेरून पथके आली. आठवडेच्या आठवडे शोध चालला आणि वाघ हुलकावण्या देत राहिला. आज येडशी, उद्या बार्शी तालुका. 22 चौरस किलोमीटर म्हणजे त्याच्या हिंडण्याच्या मानाने अंगणच. नर वाघाला त्याहून कितीतरी मोठा टापू लागतो, आणि जोडीदारीण तर इथे शेकडो किलोमीटरवरही नाही. त्याच्या आधी टिपेश्वरचाच एक वाघ 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असताना विदर्भ, मराठवाडा, तेलंगण असा 1300 किलोमीटर हिंडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. त्यालाही तिथे वाघीण मिळाली नाही. 2021 मध्ये आणखी एक गौताळ्याच्या जंगलात दिसला. एवढे वाघ घर सोडून का निघतात, ते पाहायला आम्ही टिपेश्वरलाच जायचे ठरवले. वहिनींना सांगितले, वाघाचे माहेर बघून येतो.

2025 च्या फेब्रुवारीत, रमजान लागण्याआधी निघालो. लातूर, नांदेड, यवतमाळ, मग पांढरकवडा, सगळे एसटीने. नांदेडला एका ओळखीच्या बाईंकडे रात्र काढली. यवतमाळच्या पुढे कंडक्टरने स्वतःहून खिडकीची जागा रिकामी करून दिली आणि पांढरकवड्याला उतरताना रिक्षावाल्याला बजावले, "आजींना नीट सोड." 'आजी' हा शब्द थोडा टोचला. जागा मात्र चांगली होती.

टिपेश्वर 148 चौरस किलोमीटरचे. सागाचे जंगल, मध्ये गवताची कुरणे, पाणी भरपूर. बघताच कळते की इथे कोणी उपाशी मरत नाही. अडचण वेगळीच आहे. पिल्ले दोन वर्षांची झाली की आईपासून वेगळी होतात, आणि तरुण नराला स्वतःचा टापू शोधावा लागतो. जुने नर त्याला राहू देत नाहीत. जंगलाच्या कडेला कापसाची शेते सुरू होतात आणि पुढे रस्ते, गावे. राहावे तर मार खावा लागतो आणि निघावे तर माणसांतून जावे लागते. रात्री चालायचे आणि दिवसा ओढ्याच्या, कालव्याच्या झाडीत पडून राहायचे, असे करत हे वाघ जातात. ओढ्यांच्या कडेची झाडी तोडून बांध साफ केले की ती वाटही बंद होते. आमच्या जिल्ह्यात अलीकडे अशी सफाई फार चालते, जेसीबी स्वस्त झाल्यापासून.

सुन्ना गेटवरून जिप्सीत बसलो. बाकीच्या पाच जागांवर नागपूरचे एक कुटुंब होते. त्यांच्या मुलांना वाघ हवा होता आणि तो त्या सकाळी काही दिसला नाही. ताजे ठसे दिसले, धुळीत, गाडीच्या चाकाच्या खुणेवरून गेलेले. म्हणजे आम्ही येण्याआधी थोडाच वेळ तो त्याच रस्त्याने गेला होता. मुले हिरमुसली. आम्ही खाली वाकून त्या ठशाशी आपला तळहात मनात ताडून पाहिला. आमचा हात लहान पडला.

परतताना गेटवर चहा घेत होतो. गाईड पोऱ्या बाजूच्या गावचाच, विशी-बाविशीचा. त्याने विचारले, "आजी, एकट्याच आल्या? कोण्या गावच्या?" म्हणालो, धाराशिवच्या. त्याने कप खाली ठेवला.

"मंग आमचा वाघ तिकडंच हाये ना? कसा हाये तो?"

सासरी गेलेल्या मुलीबद्दल विचारावे तसे तो विचारत होता. आम्ही सांगितले, हिंडतोय. तब्येत चांगली आहे म्हणतात. लोक थोडे घाबरून आहेत, पण अजून कोणी त्याच्या वाटेला गेलेले नाही.

"खायला भेटते ना त्याले तिकडं?"

रानडुकरे भरपूर आहेत, आम्ही म्हणालो. आम्ही स्वतः मोजली आहेत.