गरुडाच्या मागची बाजू

हॅम्बुर्गमध्ये जुन्या नाण्यांचा नाद असलेली माणसं वीस मार्कांचं सोन्याचं नाणं हातात घेतात, तेव्हा गरुडाकडे फारसं बघत नाहीत. नाणं उलटतात, भिंग लावतात आणि राज्य ओळखतात.

1871 मध्ये जर्मनी एक झाला आणि त्याच वर्षीच्या 4 डिसेंबरच्या कायद्यानं सोन्याचा मार्क आला. वीस मार्कांचं वजन सगळीकडे 7.965 ग्रॅम, हजारात 900 भाग सोनं, एका बाजूला साम्राज्याचा गरुड. दुसरी बाजू मात्र त्या त्या राज्याची. प्रशियानं आपला राजा छापला, बव्हेरियानं आपला. हॅम्बुर्गला राजाच नव्हता. त्यानं दोन सिंहांनी धरलेलं शहराचं मानचिन्ह छापलं. थोरल्या रॉइस शाखेच्या चिमुकल्या राज्यानं 1875 मध्ये जेमतेम दीड हजार नाणी पाडली. सोनं तेवढंच, पण संग्राहक त्यासाठी सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट मोजतात. 1914 मध्ये युद्ध पेटलं आणि हे सोनं व्यवहारातून गेलं. हॅम्बुर्गची टांकसाळ अजून चालू आहे. तिचं 'जे' हे अक्षर आजच्या युरोच्या नाण्यांवरही असतं.

मला या नाण्यांचा लळा लागला तो माझ्या गावामुळे, मोहगावमुळे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी. दोन्ही आमच्याच. एकत्र येण्यासाठी आपला चेहरा पुसावा लागत नाही, हे या सोन्यावर उघड छापलेलं आहे.

आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतही असाच इतिहास आहे. पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसची डुकाट, सोन्याचं नाणं. व्यापारातून आली, मग आपल्या सोनारांनीही तशी घडवली. साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शुद्ध सोनं. ऱ्हाईन नदीच्या वाळूतलं सोनं वेचून जर्मन राजांनी पाडलेल्या डुकाटचं मापही तेच.

लग्नकार्याला आजीची माळ मोडून नवा दागिना करायची चाल आहे. माझं कळकळीचं सांगणं आहे: मोडण्याआधी एकेक पुतळी उजेडात धरून बघा, फोटो काढा, वजन लिहून ठेवा, जाणकाराला दाखवा. मोडीत सोन्याचे पैसे मिळतात. त्यावरच्या छापाचे कुणी देत नाही, आणि तो छाप पुन्हा मिळत नाही.