होगली बिड री

मंद्रूपमध्ये विजापूर रस्त्याला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दहा बाय बाराची जागा, एक काउंटर, एक हीट गन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाकडं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही मीच. आधीच्या ॲडमिनचा जुना फोन विहिरीत पडला होता. नव्या फोनमध्ये मी त्यांना सगळं पहिल्यासारखं करून दिलं. त्या खुशीत त्यांनी मला ॲडमिन केलं आणि आठवड्यात स्वतः ग्रुपमधून बाहेर पडले. ते खुशीत नव्हते, सुटायला बघत होते, हे मला नंतर कळलं.

आमच्या गावाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. इथे निम्म्याहून अधिक घरांत चुलीपाशी कन्नड चालतं, शाळेत आणि कचेरीत मराठी. माझंही तसंच. आई माझ्याशी मराठीत कधी बोललेली मला आठवत नाही. पण मला कन्नड वाचता येत नाही. शाळा मराठी, पाटी मराठी, सातबारा मराठी. कन्नड फक्त कानात आणि जिभेवर. म्हणजे आमच्यापैकी बहुतेकांना जी भाषा सगळ्यात जवळची, ती टाइप करता येत नाही. ती व्हॉइसवरच जाते.

याचा अर्थ मला नोव्हेंबर २०२२ मध्ये लागला. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आधी जतचं नाव काढलं आणि मग सोलापूर, अक्कलकोटचा कन्नड बोलणारा भाग कर्नाटकात यावा असं म्हटलं. झालं. त्या संध्याकाळी मी एका फोनची चार्जिंग पिन बदलत होतो आणि माझा स्वतःचा फोन काउंटरवर थरथरत सरकत होता. दीडशेच्या वर मेसेज. आमचे डेअरीवाले अण्णा आघाडीवर. एक इंचही देणार नाही, ज्याला जायचंय त्यानं भीमा ओलांडून जावं, असं सगळं. निवृत्त गुरुजींनी त्यांना उत्तर म्हणून महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल काढला. त्यात या बाजूची गावं कर्नाटकाला द्यायची शिफारस होती, ती महाराष्ट्रानं मान्य केली नाही, इतकंच त्यांना सांगायचं होतं. पण ‘कर्नाटकाला द्यायची’ एवढेच शब्द लोकांनी वाचले आणि गुरुजी गद्दार ठरले. अक्कलकोट तालुक्यातली काही गावं पाणी-रस्ता मिळत नाही म्हणून आम्हाला तिकडेच घाला म्हणत होती, त्याची बातमी कुणीतरी टाकली. मग तर विचारूच नका.

अण्णांची आई घरात मराठीचा एक शब्द बोलत नाही. गुरुजींनी आयुष्यभर मराठी शिकवलं. कोण कुणाची बाजू लढवत होतं, हे त्या रात्री त्यांनाही सांगता आलं नसतं.

रात्री साडेदहाला गुरुजींचा मला फोन. म्हणाले, “अण्णाचा नंबर दे, माझ्याकडून डिलीट झालाय.” मी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दूध घालून माघारी जाताना दुकानात आले आणि स्वतःच फोन पुढे करून गुरुजींचा व्हॉइस मेसेज मला ऐकवला. अर्धा मिनिट कन्नडमध्ये. तुझ्या वडलांनी मला सायकल दिली होती, मी सोलापूरला परीक्षेला गेलो होतो, वगैरे. शेवटी एवढंच, “होगली बिड री.” जाऊ द्या, सोडा. अण्णांनी तो मेसेज माझ्यासमोर दोनदा लावला. ग्रुपवर मात्र दोघांपैकी कुणीही काही लिहिलं नाही. तिथे ते अजून भांडलेलेच आहेत.

तेव्हापासून मी बघत आलोय. आमच्या ग्रुपवर भांडण टाइप होतं आणि समेट व्हॉइसवर होतो. लिहिताना माणूस टीव्हीवरच्या चर्चेतला होतो, बोलताना गल्लीतला. मला भाषाशास्त्र कळत नाही, पण मी दिवसभर लोकांचे फोन उघडून बसतो.

मी स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा मेसेज आला, सोबत एक क्लिप. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतून पोरगं उचलून नेतात. मी ‘खबरदारी म्हणून’ ती दोन ग्रुपांवर पुढे ढकलली. १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी जमावानं पाच माणसांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, बहुतेक आमच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले. इतक्या लांब गेलेली आपल्या जिल्ह्याची माणसं. ती क्लिप कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीची होती, शेवटचा समजावून सांगणारा भाग कापलेली, हे मी नंतर वाचलं. माझ्या फॉरवर्डमुळे धुळ्यात कुणी मेलं असं नाही. पण नाही असं छातीवर हात ठेवून मी म्हणूही शकत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं केलं. दुकानात लोक तक्रार घेऊन आले, “फोन बिघडलाय, पाचाच्या पुढं जाईना.” मी त्यांना तो दुरुस्त होणार नाही म्हणून सांगत होतो.

पोरांचं जग वेगळं. जून २०२० मध्ये शाळा फोनवर आली आणि घराघरात एक तरी स्वस्तातला स्मार्टफोन शिरला. अभ्यास किती झाला देव जाणे. माझ्याकडे पोरं यायची ती मेमरी भरली म्हणून, आणि मेमरी भरलेली असायची पबजीनं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजीसकट ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा बाकड्यावर बसलेल्या चौघांची तोंडं एखाद्या मयतीसारखी झाली होती. महिन्याभरात सगळे फ्री फायरवर. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये तेही बंद झालं, पण त्याचं ‘मॅक्स’ चालू राहिलं. पोरांना बंदी म्हणजे नवीन नाव शोधायचं, एवढंच कळलं. मोठी माणसं म्हणतात या खेळांनी पिढी वाया गेली. मला तसं वाटत नाही. वाया जायला रिकामा वेळ लागतो, आणि तो आमच्या पिढीकडेही भरपूर होता. आम्ही तो स्टँडवर घालवला.

माझा पुतण्या तेव्हा नववीत. कानात हेडफोन, समोर बिहार, नेपाळ कुठली कुठली पोरं, आणि सगळे मिळून एक हिंदी बोलायचे. आमच्या घरात हिंदी शिरलं ते असं. एकदा खेळ ऐन रंगात असताना माझी वहिनी मागून ओरडली, “ऊटक्क बारो!” जेवायला ये रे. माइक चालू होता. पलीकडून एक पोरगा हिंदी सोडून एकदम कन्नडमध्ये, “लेऽ, तुझी आई माझ्या आईसारखीच ओरडती की!” तो निघाला धुळखेडच्या बाजूचा. आमच्या टाकळीच्या पुलावरून भीमा ओलांडली की कर्नाटकातलं पहिलं गाव. चार महिने एकमेकांना रिव्हाइव्ह करत होते, दोघांनाही वाटत होतं समोरचा लांबचा हिंदीवाला आहे. बोम्मईंच्या त्या आठवड्यातही ती दोघं रोज खेळत होती. मी मुद्दाम विचारलं, “तुमच्यात यावर काही बोलणं?” पुतण्या म्हणाला, “कशावर?”

पैशाच्या खेळाबद्दल मात्र माझं मत साफ आहे. एका ओळखीच्या माणसानं उसाचं बिल ऑनलाइन रमीत घातलं. त्याच्या खात्यात पैसे टाकायला तो माझ्याकडे रोख द्यायचा आणि मी माझ्या फोनवरून पाठवायचो, हजाराला दहा रुपये घेऊन. तो कुठे घालवतोय हे मला माहीत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा त्याची बायको दुकानात आली. मला वाटलं शिव्या देईल. तिनं फक्त विचारलं, “आता खरंच बंद झालं का?”

निवडणुकीचं फार सांगत नाही. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाआधी मी ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर टाकला. लोक चिडले, जाब विचारायला दुकानात आले, आणि बाकड्यावर बसून तासभर कन्नडमध्ये अगदी गुण्यागोविंदानं राजकारण बोलले. चहा मला पाजावा लागला.

त्यानंतरचा सप्टेंबर, २०२५ चा. शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला. आमचं लक्ष कायम उजनी धरणाकडे, म्हणजे भीमेकडे. आणि हे पाणी आलं वरच्या अंगानं, धाराशिव-अहिल्यानगरकडच्या पावसाचं, सीना-कोळेगाव धरणातून. सोलापूर-विजापूर रस्ता बंद झाला. ग्रुपवर एक व्हिडिओ आला, धरणाची भिंत फुटून पाणी कोसळतंय, खाली लिहिलेलं ‘उजनी फुटली, ताबडतोब पुढे पाठवा’. तो कुठल्या तरी परदेशी धरणाचा होता, पण रात्री एक वाजता हे कुणाला सांगणार? दोन घरांनी ट्रॅक्टरवर धान्य चढवायला घेतलं होतं.

तेवढ्यात पुतण्यानं त्याचा फोन माझ्यापुढे धरला. धुळखेडवाल्या दोस्ताचा व्हॉइस मेसेज. तो वडलांबरोबर बॅटरी घेऊन भीमेच्या पुलाजवळ जाऊन आला होता. पाणी कुठल्या खांबापर्यंत आहे, तासाभरात किती चढलं, पुलाला अजून किती अंतर आहे, सगळं नीट, घाई न करता, त्याच्या कन्नडमध्ये. मागे पाण्याचा आवाज ऐकू येत होता. उजनी फुटली असती तर ते पाणी तिथे दिसलं असतं.

मी तो जसाच्या तसा ग्रुपवर टाकला.

पहिलं उत्तर अण्णांचं आलं, टाइप केलेलं : ‘ॲडमिन, ग्रुपवर मराठीतच टाकावे ही विनंती.’

मी मराठीत लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर माझ्या वैयक्तिक नंबरवर अण्णांचा व्हॉइस आला. हळू आवाजात, बहुतेक आई शेजारी झोपलेली असावी.

“नीर एष्ट बंदैती, तम्मा? इन्नोम्मे हेळ.” पाणी किती आलंय, पुन्हा एकदा सांग.