अळीची किळस

इंग्लंडमध्ये गळ-दोरी विकणाऱ्या दुकानांत एक फ्रिज असतो आणि त्यात जिवंत अळ्या असतात. गिऱ्हाईक डबा पुढे करते, दुकानदार पाइंटाच्या मापाने ओततो. निळ्या माशीच्या अळ्या मोठ्या, हिरव्या माशीच्या बारीक. या बारकीला तिथे 'पिंकी' म्हणतात. मांसावर पोसलेल्या, पण आता चाळून भुशात किंवा मक्याच्या पिठात ठेवलेल्या. गरीला गांडूळ लावणारा आपला कोकणातला माणूसही हे ऐकून कदाचित नाक मुरडेल. मला वाटते, ही किळस भलत्याच्याच डोक्यावर फुटते. अळी मांस खाते, सडवत नाही. १६६८ साली फ्रान्चेस्को रेदीने मांसाच्या भांड्यांवर जाळीदार कापड बांधले. माश्या बाहेर राहिल्या, आत अळ्या झाल्या नाहीत, मांस मात्र सडलेच. त्याच शतकात आयझॅक वॉल्टनने 'द कम्प्लीट अँग्लर'मध्ये अळ्या पैदा करण्याची युक्ती दिली आहे: जनावराची कलेजी टांगायची, खाली कोरड्या मातीचे भांडे ठेवायचे. वाढलेल्या अळ्या खाली पडतात आणि मातीत फिरून स्वतःच लख्ख होतात. याच हिरव्या माशीच्या निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या डॉक्टर न भरणाऱ्या जखमेवर सोडतात, कारण त्या मेलेले मांस खातात. अमेरिकेत २००४ साली त्याला सरकारी परवानगी मिळाली.

अळी जवळून पाहिली तर बोथट टोकावर दोन काळपट ठिपके दिसतात. डोळे वाटतात, पण ती श्वासाची छिद्रे. तोंड असते दुसऱ्या, निमुळत्या टोकाला. बारीक गळ या बोथट बाजूच्या पातळ कातडीत जेमतेम अडकवायचा. खोल गेला की आतला रस वाहून जातो, अळी लुळी पडते, आणि वळवळ गेली की आमिषातली अर्धी जान गेली. फ्रिजही त्यासाठीच, ऊब मिळाली की अळीचा कोश होतो. अर्थात तोही वाया जात नाही, 'कास्टर' म्हणून विकला जातो.

कुणी म्हणेल, हात घालणे धोक्याचे नाही का? हात धुवावेत, हे खरेच. पण ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात मोठी भीती पसरली ती अळीमुळे नव्हे, अळ्या तांबूस दिसाव्यात म्हणून वापरलेल्या क्रायसॉइडीन रंगामुळे. त्याचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय आला आणि तो रंग मागे पडला. घाण माणसाने कालवली होती. दुसरी हरकत जड आहे: जिवंत जीव गळाला टोचायचा कसा? तिला माझ्याकडे पळवाट नाही. मात्र ही हरकत घेणाऱ्याने गांडुळालाही तोच न्याय लावावा, आणि गळ ज्याच्या जबड्यात रुततो त्या माशाला तर आधी.